सत्तरचं दशक आणि मुंबईतल्या रांगा: तुमच्या घरातून कोण उभं राहायचं?

माळ्यावरची_पेटी

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वडिलांच्या नावाचं रेशनकार्ड मिळालं, १९७२ ते ७५ या काळातलं. कडा वाळवीने खाल्ल्यात, आतले खाने शाबूत आहेत. साखर, गहू, तांदूळ, आणि काही महिने सलग 'मिलो'. प्रत्येक खान्यात जांभळ्या पेन्सिलीने आकडा आणि पुढे दुकानदाराची तिरकी सही. आईच्या हातात दिलं. ती ८६ वर्षांची आहे. चष्मा न लावताच म्हणाली, "हे कुठे होतं इतकी वर्षं?" आणि दुपारभर मांडीवर घेऊन बसली.

त्या दशकावर आपण लिहायला बसलो की गावसकर, अमिताभ, वरळीचा टीव्ही टॉवर, आणीबाणी अशा क्रमाने लिहितो. ते सगळं खरं आहे, मीही त्यात वाढलो. पण आमच्या घरी हे दशक आलं ते रांगेतून. रेशनची रांग, रॉकेलची रांग, आरेच्या दूधकेंद्रावरची पहाटेची रांग, नळावरची रांग. आणि यातल्या बहुतेक रांगांत बायका आणि मुलं उभी होती. त्यांच्याबद्दल मला कुठे नीट वाचायला मिळालेलं नाही, म्हणून हा धागा.

वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. आई खाणावळ चालवायची. सहा माणसं जेवायला, सगळी घाटावरची, घरदार गावाला, तीन पाळ्यांत कामाला. म्हणजे चूल पहाटे पेटायची आणि रात्री तिसऱ्या पाळीचा डबा गेला की विझायची. सहा जणांची कार्डं आईकडे असायची, त्यावरचं धान्य तीच उचलायची. अशा घरात रॉकेल संपलं तर फक्त आमचं जेवण अडत नसे, सहा साचे आणि त्यांच्यामागची सहा गावं अडत.

रॉकेलची रांग आदल्या रात्री लागायची. माणसं नाहीत, डबे. डब्यांच्या कड्यांतून सुतळी ओवलेली, म्हणजे कुणी मधला डबा सरकवू नये. पहाटे डब्यांजागी माणसं यायची. डब्यावर खोली नंबर रंगवलेला असायचा. आमचा तांबड्या रंगात, वडिलांनी मिलमधून आणलेल्या ब्रशने लिहिलेला. गाडी नऊला येईल असं सांगत आणि बाराला यायची. कधी यायचीच नाही. पलीकडच्या चाळीतल्या एक मालवणी आजी खिडकीतून ओरडायच्या, "रॉकेल इलां काय गो?" आणि अख्खी रांग एका सुरात "नाय गे आजी!"

त्या तीन-चार तासांत काय व्हायचं, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचंय. गहू निवडणं व्हायचं. लग्नं जमायची. कोणत्या मिलमध्ये बदली कामगार घेतायत ते कळायचं. आणि सिनेमे सांगितले जायचे. आमच्या रांगेत एक मावशी होत्या, नाव लिहीत नाही. त्या सिनेमाची गोष्ट पहिल्या सीनपासून सांगायच्या, मारामारीसकट. माझी आई १९७१ ते ८० या काळात एकदाही थेटरात गेली नाही. पण त्या वर्षांतल्या कुठल्याही गाजलेल्या सिनेमाचं नाव घ्या, तिला गोष्ट येते.

तुमच्या घरातून कोण उभं राहायचं? काय आठवतं? आई वाचून दाखवायला सांगते आहे, तेव्हा मनापासून लिहा.


भोईवाडा_परळ

मिलोचं नाव वाचलं आणि घशात ती भाकरी आली. नव्या मंडळींसाठी: १९७२ चा दुष्काळ. राज्यात लागोपाठ पाऊस हुकला होता, विहिरी आटल्या, गुरं विकली गेली. गावाकडे दुष्काळी कामं निघाली, खडी फोडायची, शाळेत आणि कामावर सुकडी मिळायची. त्याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. शहरात आमच्या वाट्याला रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी आली, ती मिलो. भाकरी थापताना चिरायची. गरम असताना खाल्ली तर खाल्ली, गार झाली की चामडं. आई त्यात मूठभर गव्हाचं पीठ घालायची, म्हणजे जरा जमून यायची.

माळ्यावरची_पेटी, तुमच्याकडे खाणावळीतल्या माणसांनी मिलो खाल्ली का? आमच्या शेजारच्या खाणावळीत यावरून मोठं भांडण झालेलं आठवतं.


माळ्यावरची_पेटी

आईला विचारलं. म्हणाली, पहिल्या दिवशी चौघांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तिने तीच भाकरी कांदा आणि लसणाच्या तिखटाबरोबर वाढली आणि सांगितलं, गावाला तुमची पोरं हेच खातायत. खाल्ली सगळ्यांनी.

खाणावळीचा विषय निघालाच आहे तर: १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचंच. तोवर या बायका वाण्याकडे किंवा सावकाराकडे दागिना ठेवून महिन्याचं सामान भरायच्या, कारण माणसं पैसे देणार पगार झाल्यावर. मंडळामुळे त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आईने पहिल्यांदा बँकेत सही केली ती तेव्हा. त्या सहीसाठी ती आठवडाभर माझ्या पाटीवर सराव करत होती.


मोटरमनची_लेक

माझी आठवण १९७४ ची. रेल्वेचा संप ८ मेला सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला गेला, वीस दिवस. देशभरात सतरा लाखांच्या आसपास कामगार. मागण्या काय होत्या ते आज कुणाला आठवत नाही, म्हणून लिहिते: कामाच्या तासांना मर्यादा आणि बोनस. आठ तासांची पाळी हा हक्क इंजिनावरच्या माणसांना नव्हता. माझे बाबा एकदा घराबाहेर पडले की कधी परततील हे आईला सांगता यायचं नाही.

संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस संपाआधीच पकडले गेले होते. धरपकड चालू होती, म्हणून बाबा पंधरा दिवस घरी झोपले नाहीत. कुठे असायचे ते आईलाही माहीत नव्हतं, निदान आम्हा मुलांना ती तसंच सांगायची. सुट्ट्या होत्या, मे महिना, आणि वसाहतीत इतकी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. रुळांचा आवाज बंद झाल्यावर आम्हा मुलांना रात्री झोप लागायची नाही. एरवी गाडी गेली की भांडी किणकिणायची, त्याची सवय. मधूनच एखादी गाडी जायची, टेरिटोरियल आर्मीच्या माणसांनी चालवलेली, आणि सगळ्या खिडक्यांत बायका येऊन उभ्या राहायच्या. ओरडायचं कुणी नाही. नुसतं बघायच्या.

पगार नव्हता. वाण्याने आईला सांगितलं, "वहिनी, वही चालू राहू दे." त्या माणसाची ती वही आईने पुढे दीड वर्ष फेडली. तो वाणी गेला तेव्हा बाबांनी त्याला खांदा दिला. रांगेतल्या बायकांनी त्या महिन्यात आईला कायम पुढे घेतलं, हे ती मरेपर्यंत सांगायची. कुणी ठरवलं नव्हतं. "तुझा माणूस संपात आहे ना, हो पुढे."


गोरेगाव_जुनं

रांगेत बायका नुसत्या उभ्या नव्हत्या, हे मला ठासून सांगायचं आहे. मी सत्तरी कधीच ओलांडली आहे, तेव्हा लग्न होऊन नुकती गोरेगावात आले होते. साखर नाही, तेल नाही, डालडा बाजारातून गायब, आणि गोदामात मात्र साठा. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार समिती उभी राहिली. सोशालिस्ट, कम्युनिस्ट, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या आमच्यासारख्या, सगळ्या एका मोर्चात.

लाटणं घेऊन निघायचं ही कल्पना आम्हाला समजावून सांगावी लागली नाही. लाटणं हातातच असायचं! थाळीनादाच्या दिवशी ठरल्या वेळी गॅलरीत, दारात, खिडकीत उभं राहून थाळी वाजवायची. माझ्या सासूबाई मोर्चाच्या विरोधात होत्या, घरच्या सुनेने रस्त्यावर जाऊ नये म्हणायच्या. त्या रात्री मी थाळी वाजवायला बाहेर आले, तर त्या माझ्याआधी गॅलरीत पितळी परात आणि पळी घेऊन उभ्या. परातीला पोचा पडला. ती परात माझ्याकडे आहे.

मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणायचे, कारण गोरेगावच्या वस्त्यांत नळ यावा म्हणून त्या वर्षानुवर्षं भांडल्या. १९७७ च्या निवडणुकीत घोषणा होती, 'पाणीवाली बाई दिल्लीला, दिल्लीवाली बाई पाण्याला'. मृणालताई उत्तर मुंबईतून आणि अहिल्याताई उत्तर मध्य मुंबईतून निवडून आल्या. मत मोजून झाल्यावर रात्री आमच्या गल्लीत जे वाजलं ते परातीच होत्या.


कांदिवली_९५

धागा वाचतोय आणि आईलाही वाचून दाखवतोय. एक प्रश्न, खरोखर माहिती हवी म्हणून विचारतो. माझा जन्म १९९५ चा. घरी आजोबा नेहमी म्हणायचे की आणीबाणीत लोकल वेळेवर यायच्या, कचेरीत साहेब दहाला खुर्चीत असायचे, वाणी भाव पाटीवर लिहायचा. मग ती चांगली होती का? ज्यांनी पाहिली त्यांनी सांगा.


मास्तरांचा_मुलगा

कांदिवली_९५, तुझ्या आजोबांनी पाहिलं ते खोटं नाही. दुकानाबाहेर भावाचे फलक लागले, भाव काही दिवस उतरले, लोक घड्याळ बघून कामावर जायला लागले. आमच्याही घरी सुरुवातीला वडील खुश होते. शिस्तीचे मास्तर होते ते.

मग १९७६ उजाडलं. माझ्या वडिलांना शाळेतून सांगितलं गेलं की नसबंदीच्या 'केसेस' आणा. केस म्हणजे माणूस. गणिताच्या मास्तराने संध्याकाळी वस्तीत जाऊन अनोळखी पुरुषांना ऑपरेशनला तयार करायचं, नाहीतर पगारवाढ विसरायची. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण वस्तीत कुणाला हा फरक माहीत होता? वडील दारावर जायचे आणि माणसं मागच्या दाराने पळायची. ज्यांच्या मुलांना ते फुकट शिकवायचे तीच माणसं. वडिलांनी शेवटी शेजारच्या एका विधुर म्हाताऱ्याला तयार केलं. तो आपणहून म्हणाला, "मास्तर, मला आता काय करायचंय, माझं नाव लिवा आणि सुटा." वडील त्या रात्री जेवले नाहीत.

कचेरीतला साहेब दहाला खुर्चीत होता कारण तो घाबरलेला होता. माझे वडीलही घाबरलेले होते. पेपरात यातलं काही येत नव्हतं, कारण पेपर छापण्याआधी तपासला जायचा. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून याविरुद्ध बोलल्या, ते आम्हाला रांगेतच कळलं. एका गृहस्थांनी दुधाच्या रांगेत कुजबुजत सांगितलं आणि आधी मागे वळून बघितलं, कोण उभं आहे ते. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात टाकलं. १९७७ मध्ये पु. ल. सभांमधून बोलायला लागले तेव्हा वडील मला खांद्यावर बसवून घेऊन गेले, मी तेरा वर्षांचा घोडा होतो तरी. त्यांना मला ते दाखवायचंच होतं.

तेव्हा उत्तर: नाही, चांगली नव्हती. आजोबांना वाईट वाटू देऊ नकोस, पण उत्तर हेच.


चीता_कॅम्प

मास्तरांचा_मुलगा यांच्या पुढे जोडतो. ट्रॉम्बेला जनता कॉलनी होती. आमची माणसं तिथे उगाच येऊन बसली नव्हती, त्यांना शहरातून उठवून तिथे जागा दिलेली होती. मे १९७६ मध्ये ती अख्खी वसाहत पाडली, सत्तर हजारांच्या आसपास माणसं. सगळ्यांना खाडीकाठच्या दलदलीत हलवलं, तोच आजचा चीता कॅम्प. पावसाळा तोंडावर होता. माझी आई तेव्हा माझ्या थोरल्या भावाच्या वेळी सात महिन्यांची होती. नव्या जागी पहिली रांग लागली ती बांबू आणि चटईची.

त्याच वर्षी जानेवारीत झोपड्यांची गणना होऊन फोटोपास मिळाले होते. आईने तो पास प्लॅस्टिकमध्ये शिवून ब्लाऊजच्या आत ठेवला होता. घर गेलं, पास राहिला. कितीतरी वर्षं आम्ही मुंबईचे आहोत याचा तेवढाच पुरावा होता.


बीडीडी_चौऱ्याहत्तर

मी हा धागा दोन दिवस वाचतोय आणि लिहावं की नाही ते ठरवत होतो. लिहितो.

रांगेत सगळे एक होते, असा सूर इथे येतोय. तो बऱ्याच अंशी खरा असेल. वरळीच्या बीडीडी चाळींत मात्र जानेवारी १९७४ मध्ये तसं नव्हतं. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. ५ जानेवारीला दलित पँथरची सभा झाली, तिच्यावर दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव या कार्यकर्त्याच्या डोक्यावर वरून दगड टाकला गेला, त्यात तो गेला. पुढे कितीतरी दिवस चाळ विरुद्ध चाळ. एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जायचं तर जीव मुठीत.

आमच्या घरचं सांगतो. दूधकेंद्र आणि रेशनचं दुकान दोन्ही 'त्यांच्या' बाजूला होतं. माझी बहीण आठ महिन्यांची. तीन दिवस दूध नाही. चौथ्या पहाटे दारावर थाप पडली. आईने आधी दार उघडलं नाही. बाहेर समोरच्या चाळीतली बाई, रांगेत कायम आईच्या पुढे किंवा मागे असणारी. तिने पदराखालून दोन बाटल्या काढून उंबऱ्यावर ठेवल्या आणि एक शब्द न बोलता गेली. तिचा मुलगा दगड मारणाऱ्यांत होता, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

दंगल संपल्यावर त्या दोघी पुन्हा रांगेत पुढेमागे उभ्या राहिल्या. त्या पहाटेबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. आई म्हणायची, "बाटल्या परत केल्या मी तिच्या." रिकामी बाटली दिल्याशिवाय केंद्रावर भरलेली मिळायची नाही, म्हणून ते महत्त्वाचं होतं.

पँथरमुळे आमच्या घरात कविता आली, वाचन आलं, मान वर झाली. तेही याच दशकाने दिलं. पण रांगेचं लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे.


माळ्यावरची_पेटी

तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईचं नाव विचार त्यांना." मी म्हटलं, नावं इथे लिहायची नाहीत. तर म्हणाली, "मला फक्त कळू दे." व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?


गच्चीवरचा_अँटेना

दोन ओळी टीव्हीच्या, कारण ती रांग आमच्या घरात लागायची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आमचा, लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा. रविवारी सिनेमाला चाळीस माणसं एका खोलीत. पुढे मुलं जमिनीवर, मागे बाया, पुरुष दारात, उरलेले खिडकीच्या गजांना धरून. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत.

'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, पण आमच्याकडे तो सर्वांत भक्तिभावाने बघितला जायचा, कारण बघणारे सगळे गाव सोडून आलेले. खताची मात्रा सांगत असले तरी कुणी उठायचं नाही. स्क्रीनवर बांध दिसला तरी पुरे. 'गजरा' लागला की बाया भांडी तशीच टाकून यायच्या. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'ची तर मंडळंच निघाली होती. आणि बातम्या देणारी स्मिता पाटील! आमच्या आत्याने तिच्यासारखं मोठं कुंकू लावायला सुरुवात केली, ते शेवटपर्यंत.

आईने मात्र त्या खोलीत एकही सिनेमा बसून पाहिला नाही. चाळीस जणांतल्या कुणाला पाणी, कुणाच्या बाळाला झोळी. हे मला आज, हा धागा वाचताना लक्षात आलं.


शुक्रवारचे_चणे

१९७५ चा ऑगस्ट सगळ्यांना 'शोले'मुळे आठवतो. त्याच वर्षी 'जय संतोषी मां' आला. अगदी थोड्या पैशांत काढलेला, आणि बायकांनी तो उचलून धरला. चपला बाहेर काढून आत जायच्या. पडद्यावर देवी आली की फुलं, नाणी फेकायच्या, आरती करायच्या. आमच्या चाळीतल्या बायका ट्रक करून गेल्या होत्या. दर शुक्रवारी गूळ-चण्याचा प्रसाद, आंबट वर्ज्य, सोळा शुक्रवार झाले की उद्यापन.

काही लोक याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. बघा ना, महागाईत परवडणारं दुसरं व्रत कुठलं होतं? तूप नाही, साखर नाही, केळीचे खांब नाहीत. मूठभर चणे आणि गुळाचा खडा. माझी आई धुणंभांडी करायची. वर्षातले ते सोळा शुक्रवार तिने कुणाच्या घरची उरलेली आंबट आमटी घेतली नाही. "आज मला चालत नाही," असं मालकिणीला सांगायचा तिला एक हक्क मिळाला होता.


भोईवाडा_परळ

'शोले'वरून आठवलं. मिनर्व्हाला तो पाच वर्षांहून जास्त चालला, ७० एमएम. पण गिरणगावात तो आधी कानाने पोचला. त्याच्या संवादांची रेकॉर्ड निघाली होती आणि गणपतीच्या मंडपात गाण्यांच्या ऐवजी लोक तीच लावायचे. दिवसभर. आम्हा पोरांना सिनेमा बघण्याआधी पूर्ण पाठ. माळ्यावरची_पेटी, तुमच्या त्या गोष्ट सांगणाऱ्या मावशींनी 'शोले' सांगितला असणार.


माळ्यावरची_पेटी

आत्ताच आईला विचारलं आणि चक्रावून गेलो. मावशींनी तो रांगेत तीन दिवस सांगितला, रोज थोडा थोडा. आणि त्यांनी तो पाहिलेला नव्हता! मंडपातली रेकॉर्ड ऐकून मधलं सगळं त्यांनी स्वतः रचलं होतं. आईला हे तेव्हाही माहीत होतं. म्हणते, "तिच्या घोड्यावरच्या मारामारीत ठाकूरची सून बंदूक चालवायची. सगळ्यांना ठाऊक होतं तसं नसणार. पण रॉकेल येईपर्यंत ऐकायला बरं वाटायचं."


डोंबिवली_जलद

+१. जुलै १९७९ चा स्कायलॅब कुणीच लिहिला नाही! आकाशातून अमेरिकेची प्रयोगशाळा पडणार, कुठे ते नक्की नाही. आमच्या वाडीत त्या रात्री कुणी झोपलं नाही. एका काकूंनी उरलेली सगळी साखर काढून शिरा केला आणि अख्ख्या वाडीला वाटला, उद्या असू नसू. सकाळी कळलं, ती ऑस्ट्रेलियात जाऊन पडली. मग काकू चार दिवस गुळाचा चहा पीत होत्या, आणि आम्ही प्रत्येकाने घरातून एक एक वाटी साखर त्यांना नेऊन दिली.


मोटरमनची_लेक

माळ्यावरची_पेटी, तुम्ही कार्डाचा फोटो टाकलात तो मोठा करून पाहिला. कुटुंबातल्या नावांत पाचवं नाव खोडलेलं दिसतं, पुढे 'कमी केले' असा शेरा आणि १९७४. दुखरं काही असेल तर सांगू नका. पण ते कोण होतं?


माळ्यावरची_पेटी

दुखरं नाही. माझा मामेभाऊ. माण तालुक्यातला. दुष्काळात मामाने त्याला आमच्याकडे पाठवलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, मी आठ वर्षांचा. तेवढं नाव कार्डावर चढवायला वडिलांनी किती खेटे घातले ते आई अजून मोजून सांगते. दोन वर्षं आमच्या घरातून रांगेत उभा राहणारा तोच होता. म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर माझ्या हातातल्या कार्डावर होतं आणि मी ते न बघता तुम्हाला विचारत बसलो. पाऊस झाल्यावर तो गावी परतला. आता जनावरं आणि डाळिंबाची बाग बघतो.

काल रात्री त्याला फोन लावला, स्पीकरवर, आई शेजारी. बोलता बोलता मिलोचं निघालं. तो म्हणाला, "आत्याने मला कधी तांबडी भाकरी वाढली नाही. गव्हाची चपाती मला द्यायची आणि आपण मिलो खायची. मी बघायचो ना."

आई फोनवरच त्याला थांबवायला लागली. "काय सांगतोस, तूच चपातीला हात लावायचा नाहीस. पोरांना दे म्हणायचास, आणि मिलो मागून घ्यायचास."

तो म्हणाला, नाही आत्या. ती म्हणाली, मला नको सांगूस. दोघं बराच वेळ वाद घालत राहिले. मी कार्ड उघडून मे १९७३ चा खाना काढला. गहू, त्याखाली मिलो, पुढे जांभळा आकडा आणि दुकानदाराची सही.